आधी आतल्यांना हलवा

सायकलवालीच्या दुकानाच्या दाराशी एक मोठं लोखंडी घमेलं असायचं. पंक्चर शोधायचं म्हणजे ट्यूब त्यात बुडवायची, बुडबुडे आले की तिथे बोट ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण एका वर्षी कुठल्याशा बेडकीनं रातोरात त्यात अंडी घातली, आणि चार दिवसांत घमेलंभर काळे बेडूकमासे शेपट्या हलवायला लागले.

भिंगरी तेव्हा शाळेत जायची. भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी हुंदडायची म्हणून आईनं ते ठेवलं आणि गल्लीनं पक्कं केलं. वडील ती रांगत होती तेव्हाच गेले. त्यांच्यामागे दुकान, पाने-पक्कड आणि पोर, तिन्ही आईनं एकाच वेळी हातात घेतली.

घमेल्यात पाहुणे आले तशी भिंगरीची पायपीट सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की आई ट्यूब तिच्या गळ्यात अडकवायची. "नळावर जा, पाण्याखाली धरून बघ, भोकावर खडूची खूण कर आणि पळत ये." नळ गल्लीच्या पार टोकाला. अशा चकरा मारून मारून एके दिवशी पोरगी वैतागली.

"आई, ओतून दे ना ते पाणी! बेडूक काय, कुठेही होतात."

आई चाक फिरवून त्याचा बाक बघत होती. मान वर न करता म्हणाली, "होतात की. पोरीही कुठेही होतात. तुला ओतलं का मी?"

गिऱ्हाईक खो खो हसलं. भिंगरीनं तोंड फुगवलं, पण ट्यूब उचलली.

आईला बेडकांचं फार प्रेम होतं असं कुणाला वाटलं, तर ते साफ चूक. तिला बेडकाची किळस यायची. पुढे त्यांना पाय फुटले, नखाएवढाली पिल्लं बाहेर उड्या मारायला लागली, तेव्हा आई स्टुलावर पाय वर घेऊन बसायची आणि तिथूनच ओरडायची, "भिंगरे, त्या पेडलवरचं एक उतरव, साहेबांना कामाला उशीर होतोय!"

"तुला आवडत नाहीत, मग सांभाळतेस कशाला?" भिंगरीनं एकदा विचारलं.

"आवडायला कशाला पाहिजे? शेजारीण तरी कुठे आवडते मला? म्हणून तिच्या दारात कचरा टाकते का मी?" आई म्हणाली. "हे बघ, काम अडवायचं नाही आणि कुणाला चिरडायचंही नाही. मधली वाट सापडत नाही म्हणणाऱ्यानं नीट शोधलेली नसते."

आणि काम अडलंही नाही. त्या सबंध काळात एकही सायकल दुकानातून पंक्चर घेऊन परत गेली नाही.

आणखी एक दिवस भिंगरीच्या मनावर कोरला गेला होता. साखळ्या धुतलेलं काळं रॉकेल डब्यात साठवून ठेवायचं, हा दुकानाचा नियम. डबा भरला होता, खेळायला जायची घाई होती. तिनं तो सरळ गटारात उपडा केला. आईनं पाहिलं. रागावली नाही, हातही उगारला नाही. शटर खाली ओढलं आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"तू जे पाठवलंस ना, ते कुठे पोचलं बघायला."

मग मायलेकी त्या गटाराच्या काठाकाठानं चालत निघाल्या. बेकरीच्या मागून, शिवणाच्या कारखान्याजवळून, घरांच्या मागच्या भिंतींना चिकटून, कुठे वाकून, कुठे उडी मारून. शेवटी गटार उघडलं ते गावच्या जुन्या तळ्यात. आई काठावर बसली, पोरीला शेजारी बसवलं. थोड्या वेळानं पाण्यावर रंगीत तवंग पसरत आला. दिसायला सुंदरच होता तो, म्हणूनच भिंगरीला जास्त वाईट वाटलं. तवंगाच्या मधोमध एक मासा तोंड वर काढायचा, आ करायचा, पुन्हा खाली जायचा. भिंगरी घरी येईपर्यंत हुंदके देत होती, आणि त्या दिवसापासून कुठलंही पाणी दिसलं की ते कुठून आलं आणि कुठे जाणार, हे तिच्या मनात आपोआप सुरू व्हायचं.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करत करत ती शिकली, आणि गावच्या पाणीखात्यात इंजिनिअर झाली. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. घरी भिंगरीच.

तर एका वर्षी त्याच जुन्या तळ्याच्या बांधाला चीर गेली. बांध म्हणजे दगडी भिंत, आणि भिंतीच्या खाली उतारावर घरांची एक अख्खी आळी. पहिल्यांदा घरांच्या मागे ओल दिसली, मग पाणी झिरपायला लागलं. मोठ्या साहेबांनी पाहणी केली आणि टेबलावर हात आपटून सांगितलं, "तळं रिकामं करायचं. परवा गवंडी लागले पाहिजेत."

"साहेब, त्यात मासे आहेत, कासवं आहेत," भिंगरी म्हणाली.

"आणि भिंतीखाली माणसं आहेत, मॅडम."

"म्हणूनच पंप लावू नका असं मी म्हणत नाही. पण आधी आतल्यांना हलवू द्या. उद्या सुट्टी आहे. सकाळी एकच पंप सावकाश चालवू. पाणी उतरत जाईल तसं आम्ही एकेक उचलत जाऊ. संध्याकाळपर्यंत तळं रिकामं करून देते."

साहेब चांगले होते, पण दोन्ही बाजूंनी पेटलेल्या मेणबत्तीला कुठून धरायचं, हे कळत नसलेल्या माणसासारखे दिसत होते. "ठेवणार कुठे ते सगळं? माझ्या केबिनमध्ये?"

भिंगरीला उत्तर आधीच सापडलं होतं. शाळेचा पोहण्याचा तलाव थंडीमुळे बंद होता. पोहायला शिकवणाऱ्या बाईंना ती सकाळीच भेटून आली होती. बाई हसून म्हणाल्या होत्या, "आण की. औषध घालणं केव्हाच बंद केलंय, पाणी नुसतं हिरवंगार झालंय. माझ्या काही मुलांपेक्षा तुझे मासे बरे पोहतील."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "संध्याकाळपर्यंत. आणि चीर वाढली, तर मी भिंतीचं बघणार, माशांचं नाही."

"चीर वाढली तर मीही भिंतीचंच बघेन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू झाला. पंपाचा मुकादम जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यानं पाइपाच्या तोंडाला जाळी बांधून घेतली आणि "पुढे?" अशा नजरेनं पाहिलं. पुढे बघावं तर काय, भिंगरी, तिच्या खात्यातली तिघं-चौघं आणि पोहण्याच्या बाई. एवढ्या मोठ्या तळ्याला एवढीशी माणसं म्हणजे हत्तीला अंघोळ घालायला वाटी आणल्यासारखं.

तेवढ्यात घंट्यांचा आवाज आला. एक नाही, दोन नाही, रस्ताभर घंट्या. सगळ्यात पुढे आई. केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण सायकलवर ताठ. मागे पोस्टमन, बेकरीवाला, दोन नर्सबाई, कॉलेजची पोरंपोरी, झाडून सगळी गिऱ्हाइकं.

"दुकानाला पाटी लावून आले," आई उतरत म्हणाली. "'आज दुरुस्ती तळ्यावर होईल. सायकल आणि बादली घेऊन या.' आले बिचारे! काय दुरुस्त करायचंय ते इथे आल्यावर सांगितलं."

"फसवलंत तुम्ही आम्हाला, मावशी," पोस्टमन म्हणाला, पण तो तोवर पँटचे पाय गुंडाळत होता.

सगळे कामाला लागले. उतारावर माणसांची रांग उभी राहिली. खालून बादली यायची, वर सायकलला बांधायच्या कॅनमध्ये रिकामी व्हायची, कॅन शाळेच्या तलावावर जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. आई वर बसून कॅन बांधून देत होती. पाण्यात हात घालायला ती काही तयार नव्हती. "माझा दोरीचा विभाग," ती म्हणाली. "बुळबुळीत विभाग तुम्ही सांभाळा."

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं, तेवढ्यात खालच्या आळीतला न्हावी तणतणत आला. त्या आळीतल्या सगळ्यांना आदल्या दिवशी घरातून काढून शाळेच्या हॉलमध्ये बसवलं होतं. रात्रभर कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मॅडम!" तो काठावरूनच कडाडला. "आमची घरं वाहून जायची वेळ आलीय, आणि तुम्ही एकच पंप लावून मासे पकडत बसलाय? आमचा जीव माशांपेक्षा स्वस्त झाला का?"

भिंगरी चिखलातून वर आली. माणसाचं काही चुकत नव्हतं. "दर तासाला चीर मोजतेय मी," ती म्हणाली. "जरा जरी वाढली तर पहिला निर्णय तुमच्या बाजूनं होईल."

"बघू," न्हावी म्हणाला आणि तिथेच दगडावर हाताची घडी घालून बसला.

दुपारी चीर वाढली.

फार नाही, पण बोटाचं पेर आता आत जात होतं. भिंगरीनं भिंतीपाशी वाकून पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मागे तळ्यात अजून अर्धं पाणी होतं, आणि त्या अर्ध्या पाण्यात उरलेलं सगळं दाटीवाटीनं गोळा झालं होतं. दुसरा पंप लावला तर पाणी झपाट्यानं उतरणार. हाताशी असलेल्या माणसांकडून निम्मे मासेसुद्धा हलवून होणार नाहीत. साहेब गावाबाहेर होते. विचारायला कुणी नव्हतं, आणि खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतंही.

ती वर आली आणि मुकादमाला म्हणाली, "दुसरा पंप लावा."

मुकादमाचे डोळे विस्फारले. "मॅडम, मग हे मासे..."

"लावा म्हटलं ना."

दुसरा पंप धडधडायला लागला. पाणी डोळ्यांदेखत काठ सोडू लागलं. उथळ जागी मासे आडवे पडून फडफडायला लागले, आणि लहानपणी तवंगातून आ करणारं ते तोंड भिंगरीला जिकडेतिकडे दिसू लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आई दोरी टाकून उठली आणि थेट तिच्यापाशी आली. "योग्य केलंस."

"आई, मरतील सगळे."

"अजून मेलेत का? मग रडतेस काय, ओरड! गाव बहिरं नाही."

भिंगरी पंपाच्या गाड्यावर चढली आणि ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. लोक मात्र पुढे कित्येक वर्षं सांगत, की बाईचा आवाज दोन पंपांच्या वर गेला होता. पण काठावर जमलेल्या बघ्यांपैकी कुणी हललं नाही. हलला तो न्हावी.

तो दगडावरून उठला, भिंतीकडे गेला, चिरीत स्वतःचं बोट घालून बघितलं. मग दोन्ही पंपांकडे बघितलं, गाड्यावर उभ्या असलेल्या भिंगरीकडे बघितलं आणि काही न बोलता शाळेच्या दिशेनं चालायला लागला.

"गेला," बेकरीवाला म्हणाला.

गेला होता खरा, पण आळी आणायला. थोड्याच वेळात वरच्या रस्त्यानं ते सगळे आले. बायका, पुरुष, पोरं, काठी टेकत येणारे म्हातारे. हातात घरून निघताना घाईत घेतलेली भांडी, बादल्या, टोपल्या, बाळाचा अंघोळीचा टब, एकीनं तर उशीचा अभ्राच आणला होता. न्हावी पुढे होऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्यासाठी दुसरा पंप लावलात. आता हे काम आमच्याकडे लागलं. कुठून धरू?"

"शेपटीकडून धरू नका, एवढंच!" भिंगरी हसत-रडत म्हणाली.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. एका रांगेच्या तीन रांगा झाल्या. उशीच्या अभ्र्यातून वाम मासे वर गेले, ते सापासारखे वळवळत असल्यानं अभ्रा हातोहात भलत्याच वेगानं वर पोचला. पोरांनी चिखलात हात घालून शिंपले काढले. अनवाणी पायानं चिखल चाचपत कासवं शोधायची, हे पोहण्याच्या बाईंनी सगळ्यांना शिकवलं आणि मग दर दोन मिनिटांनी कुठून तरी किंकाळी यायची, "सापडलं!" अबोल मुकादम जाळीत अडकलेली मासळी हातानं सोडवताना प्रत्येक माशाला "चला, चला, गर्दी करू नका" म्हणताना ऐकू आला. सायकली तर इतक्या फिरल्या, की शाळेपर्यंतचा रस्ता ओलाचिंब झाला.

ऊन कलायला लागलं तेव्हा तळं म्हणजे भिंतीजवळचं एक डबकं उरलं होतं. न्हावी त्यात कमरेइतका उभा राहून बादल्या भरत होता. एकदम तो बादली हातात धरून थबकला.

"काय झालं?" भिंगरीनं विचारलं.

"मी ज्या दगडावर उभा आहे ना," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तो निघालाय."

क्षणभर कुणाला कळेना. मग न्हावी उभाच्या उभा हातभर पुढे सरकला, तोल जाऊन पालथा झाला, आणि तो जिथे होता तिथून चिखलाचा एक मोठा घुमट वर आला. घुमटाला डोकं होतं. जुनं, सुरकुतलेलं, अतिशय नाराज डोकं. जेवणाच्या टेबलाएवढं कासव!

न्हावी चिखलानं माखलेला उठला. ओरडला नाही, पळालाही नाही. वर बघून मोठ्यानं म्हणाला, "माझे वडील सांगायचे! लहानपणी बघितलं होतं म्हणायचे. सगळं गाव त्यांना थापाड्या म्हणालं. मीसुद्धा!" मग त्यानं चिखलाचा हात त्या पाठीवर ठेवला. "बाबा, आहे हो! आहे!"

ते कासव कॅनमध्ये मावणारं नव्हतं आणि सायकलवर बसणारंही नव्हतं. मुकादमानं काठावरच्या जुन्या पंपखोलीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटलं. आठ जणांनी ते दार खाली नेलं, कासवाला त्यावर चढवलं आणि खांद्यावर घेतलं. पुढे न्हावी, वाट करून देत. दारावर कासव, मान लांब करून घरांच्या खिडक्यांत डोकावत. मागे अख्खं गाव. मोठे साहेब गाडीतून परतले ते नेमके या मिरवणुकीत अडकले. त्यांनी काच खाली केली, कासवाकडे बघितलं, कासवानं त्यांच्याकडे बघितलं, आणि साहेबांनी मुकाट्यानं गाडी मागे घेऊन वाट दिली.

सूर्य मावळण्याआधी तळं रिकामं झालं होतं. गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी लागले. चीर फोडून, खोल जाऊन, नवे दगड बसवून भिंत अशी बांधली की खालच्या आळीतल्या घरांमागची ओल पुन्हा दिसली नाही.

शाळेच्या तलावाची देखरेख आळीनं वाटून घेतली. न्हावी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिथे हजेरी लावायचा. पोहण्याच्या बाईंनी थोरल्या कासवासाठी उन्हात बसायला लाकडी उतरण करून घेतली. काही मासे दगावले, ते खरं. पण मेलेल्यांपेक्षा नव्यानं जन्मलेले जास्त निघाले, कारण परत नेताना जाळ्यात एवढी पिल्लं होती की ती घालायला पुन्हा उशीचे अभ्रे मागवावे लागले.

तळं पुन्हा भरलं त्या दिवशी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. लहान मासे गेले, वाम गेले, बाकीची कासवं डुबुक डुबुक गेली. शेवटी थोरलं. त्याला दारावरून उतरवलं तेव्हा सगळा काठ पुढे झुकला. ते थांबलं, पाण्याचा वास घेतला आणि मग एवढ्या अवजड देहाला न शोभणाऱ्या घाईनं पाण्यात शिरलं. पाठ एकदा चमकली आणि पाणी मिटलं. न्हाव्यानं दोन्ही हात आकाशाकडे फेकून आरोळी ठोकली, आणि मग जो जल्लोष झाला त्यानं पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

आई भिंगरीच्या दंडाला धरून उभी होती. "चांगलं झालं," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मोठे साहेब गर्दीतून वाट काढत आले. "मॅडम, गावाच्या त्या टोकाचा जुना कालवा या वर्षी कोरडा करून साफ करायचाय. मी खात्यात सांगून टाकलंय, पंप कधी लावायचा ते आता तुम्ही ठरवणार. आतल्यांना हलवून झाल्यावर. यापुढे सगळीकडे असंच." मग जरा घुटमळून म्हणाले, "तेवढी माणसं मात्र आपल्याकडे नाहीत."

"कोण म्हणतं?" न्हावी मागून म्हणाला. त्याच्या मागे आळी उभी होती, आळीच्या मागे पोस्टमन, बेकरीवाला आणि दोन्ही नर्सबाई.

भिंगरीनं आईकडे पाहिलं. आई गुडघे चोळत म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. कालव्यात साप असतात म्हणे." मग ती जरा थांबली आणि आजूबाजूला उभ्या केलेल्या सायकलींवरून नजर फिरवून गिऱ्हाइकांवर खेकसली, "ब्रेक तपासून घ्या रे सगळ्यांनी! तिकडचा उतार फार वाईट आहे."